सौम्यता आणि आईपण

सौम्य म्हणजे दुबळी, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचले आणि ती पार गेली.

रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, तीर्थयात्रेच्या वाटेवर. पुढे दुष्काळात आईवडील गेले. 1882 साली पती वारले, तेव्हा मनोरमा तान्ही होती. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टरांविषयी रमाबाईंना आदर होता. परंतु मुलीला काय शिकवावे हे ठरविण्याचा आईचा हक्क त्यांनी सोडला नाही. नम्रता होती, लाचारी नव्हती.

प्रेषित पौलाने आत्म्याच्या फळांत सौम्यता सांगितली आहे. रमाबाईंच्या ठायी ती 1896-97 च्या दुष्काळात दिसली. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावी मुक्तिसदनात त्यांना पोटाशी धरले. नुसते अन्न घालून त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई शिकवून त्यांनी मुलींना पायावर उभे केले. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. उपकार करून कोणाला मिंधे ठेवले नाही.

1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या.

आपला आवाज चढला की मुले गप्प बसतात. पण गप्प बसणे म्हणजे शहाणे होणे नव्हे. हात उगारण्यापूर्वी मला आता केडगाव आठवते. तुम्हांसही आठवावे, एवढीच विनंती.