स्टार वॉर्सचा नवा भाग: पक्की बातमी कोणती, चाहत्यांचा अंदाज कोणता आणि यात धंदा कुठे आहे?

समजा, तुम्ही महाडहून पोलादपूरला जाणाऱ्या एसटीत बसला आहात. व्हॉट्सॲपवर मित्राचा मेसेज येतो: "स्टार वॉर्सचा नवीन पिक्चर लीक झाला, लिंक दाबून ॲप टाक, फुकट बघ." खाली एक ट्रेलर, त्यात ओळखीचे चेहरे, लाल-निळ्या प्रकाशाच्या तलवारी, दणदणीत म्युझिक. तारीखसुद्धा दिलेली असते. आता हे खरं मानायचं का?

या लेखात आपण तीन गोष्टी बघू. नव्या भागांबद्दल कंपनीने नक्की काय सांगितलंय, चाहत्यांचे अंदाज कसे तयार होतात, आणि अशा लिंकपासून मोबाइल आणि बँकेतले पैसे कसे वाचवायचे. मुंबईत तयार झालेल्या एका स्टार वॉर्सची गोष्टही यात आहे, ती चुकवू नका.

स्टार वॉर्स म्हणजे नेमकं काय?

जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकाचा पहिला स्टार वॉर्स चित्रपट २५ मे १९७७ रोजी आला. पुढचे दोन भाग १९८० आणि १९८३ मध्ये आले. मग १९९९, २००२ आणि २००५ मध्ये आलेल्या तीन चित्रपटांनी पहिल्या भागाच्या आधी काय घडलं ते सांगितलं. म्हणून बघायचा क्रम आणि गोष्टीचा क्रम वेगळा आहे. नवीन माणूस इथेच गोंधळतो.

३० ऑक्टोबर २०१२ रोजी डिस्नेने लुकासची कंपनी 'लुकासफिल्म' विकत घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत होती सुमारे ४.०५ अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २२ हजार कोटी रुपये. त्यानंतर २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये मुख्य मालिकेचे तीन भाग आले. मधल्या काळात 'रोग वन' (२०१६) आणि 'सोलो' (२०१८) हे दोन स्वतंत्र चित्रपटही येऊन गेले.

नव्या भागांबद्दल पक्कं काय आहे?

कंपनीने स्वतः जाहीर केलेली माहिती एवढी:

- द मँडलोरियन अँड ग्रोगू: अमेरिकेतल्या प्रदर्शनाची जाहीर तारीख २२ मे २०२६. दिग्दर्शक जॉन फॅवरो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'द मँडलोरियन' या वेबसिरीजची गोष्ट इथे मोठ्या पडद्यावर येते. डिसेंबर २०१९ नंतरचा हा पहिलाच थिएटरमधला स्टार वॉर्स. मधली गॅप सहा वर्षांहून जास्त.
- स्टार वॉर्स: स्टारफायटर: जाहीर तारीख २८ मे २०२७. दिग्दर्शक शॉन लेव्ही, मुख्य भूमिकेत रायन गॉसलिंग. ही घोषणा एप्रिल २०२५ मध्ये जपानमधल्या चाहत्यांच्या मेळाव्यात झाली. गोष्ट २०१९ च्या चित्रपटानंतर साधारण पाच वर्षांनी घडते आणि पात्रं नवीन आहेत, असं तेव्हाच सांगितलं गेलं.

जुना कोणता हिरो परत येणार, कोण कोणाचा मुलगा निघणार, शेवट काय होणार हे सगळं अंदाजात मोडतं. कंपनीने सांगेपर्यंत ते तसंच समजायचं.

चाहते एवढे अंदाज का बांधतात?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. २०२० मध्ये 'तान्हाजी' आणि २०२३ मध्ये 'सुभेदार' आला. सिंहगडावर शेवटी काय होणार हे उमरठच्या पोराला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. मग चर्चा कशावर होते? तानाजी कोण करणार, लढाई कशी दाखवणार, यावर.

स्टार वॉर्समध्ये इतिहास नाही, त्यामुळे शेवट कुणालाच ठाऊक नसतो. भागांमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर असतं आणि लेखक मुद्दाम काही धागे सुटे ठेवतात. ते सुटे धागे जोडायचं काम चाहते स्वतःच्या अंगावर घेतात. या अंदाजांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात:

१. गोष्टीतला अंदाज: आधीच्या भागातले संवाद आणि खुणा जुळवून बांधलेला. चुकला तरी मजा येते.
२. आतली खबर: "शूटिंगवरच्या माणसाने सांगितलं" या प्रकारची. काही वेळा खरी, बऱ्याचदा अर्धवट.
३. मालावरून लागलेला सुगावा: खेळण्यांचे डबे, पोस्टर, पुस्तकांची नावं आधी बाहेर येतात आणि त्यावरून गोष्ट कळते.
४. बनावट: एआयने केलेला ट्रेलर, खोटं पोस्टर, खोटी तारीख. हा अंदाज नसतो, व्ह्यूज आणि पैशासाठी टाकलेलं जाळं असतं.

अंदाज खरे ठरतात का?

कधी कधी. पण कंपनीसुद्धा हुशार असते. १९८० च्या भागात खलनायक डार्थ व्हेडर हाच नायकाचा बाप निघतो. हे गुपित फुटू नये म्हणून सेटवर व्हेडर साकारणाऱ्या डेव्हिड प्राउजला वेगळाच संवाद दिला होता. खरा संवाद नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरला.

उलटं उदाहरण स्नोकचं. २०१५ च्या चित्रपटात हा नवा खलनायक दिसला आणि तो नक्की कोण यावर दोन वर्षं काथ्याकूट झाला. २०१७ च्या भागात तो काहीही खुलासा न होता मेला. चाहत्यांनी रचलेले सगळे इमले एका सीनमध्ये कोसळले. काहींना हे आवडलं, काही आजही चिडलेले आहेत.

कंपनीने जाहीर केलेली गोष्टसुद्धा दर वेळी होतेच असं नाही. 'रोग स्क्वॉड्रन' हा चित्रपट डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, २२ डिसेंबर २०२३ ही तारीखही ठरली. सप्टेंबर २०२२ मध्ये तो वेळापत्रकातून काढला गेला. म्हणून "जाहीर झालाय", "शूटिंग सुरू झालंय" आणि "तिकीट विक्री सुरू झालीय" या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत हे लक्षात ठेवा.

यात धंदा कुठे आहे?

पहिल्या चित्रपटाच्या वेळी लुकासने दिग्दर्शनाची फी वाढवून मागितली नाही. त्याऐवजी पुढचे भाग आणि खेळण्यांसारख्या मालाचे हक्क स्वतःकडे ठेवले. स्टुडिओला तेव्हा ते फारसे महत्त्वाचे वाटले नाहीत. पण चित्रपट एवढा चालला की केनर कंपनीची खेळणी १९७७ च्या नाताळाला तयारच नव्हती. मग कंपनीने जवळपास रिकामा डबा विकला. आत होतं एक प्रमाणपत्र, ते पाठवलं की पुढच्या वर्षी बाहुल्या घरपोच. लोकांनी तो डबासुद्धा घेतला!

त्यानंतर लेगो, व्हिडिओ गेम, पुस्तकं, वेबसिरीज आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या डिस्नेच्या दोन पार्कमध्ये खास स्टार वॉर्सचे भाग सुरू झाले. सगळंच मात्र चाललं नाही. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडात अंतराळयानासारखं हॉटेल उघडलं. दोघांसाठी दोन रात्रींचे जवळपास पाच हजार डॉलर. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बंद झालं.

धंदा आणि गुपित यांची ओढाताण कशी होते ते 'बेबी योडा'मुळे कळतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'द मँडलोरियन'च्या पहिल्याच भागात हे छोटं हिरवं पात्र दिसलं. खेळणी आधी बनवली असती तर फोटो फुटले असते, म्हणून फॅवरोने ती थांबवायला लावली. गुपित टिकलं, पण त्या नाताळाला लोक दुकानात खेळणं मागत होते आणि माल नव्हता. तेच पात्र म्हणजे ग्रोगू. आता त्याच्या नावावर आख्खा चित्रपट आहे.

तुम्ही अंदाज बांधता, मित्राला पाठवता, भांडता, तेव्हा चित्रपटाची फुकट जाहिरात होत असते. त्यात वाईट काही नाही, फक्त माहीत असावं.

मुंबईत बनलेलं स्टार वॉर्स

'स्टार वॉर्स: व्हिजन्स' या ॲनिमेशन मालिकेचा दुसरा सीझन ४ मे २०२३ रोजी आला. वेगवेगळ्या देशांतल्या स्टुडिओंनी त्यात एकेक छोटी फिल्म केली. एकूण नऊ. त्यातली 'द बँडिट्स ऑफ गोलक' मुंबईच्या '८८ पिक्चर्स' स्टुडिओने बनवली, दिग्दर्शक ईशान शुक्ला, संगीत स्नेहा खानवलकर.

गोष्ट साधी. चारुक नावाचा भाऊ आपल्या लहान बहिणीला, राणीला घेऊन ट्रेनने पळतोय. तिच्याकडे खास शक्ती आहे आणि साम्राज्याचे सैनिक मागे लागलेत. त्यात गच्च भरलेली ट्रेन आहे, ढाबा आहे आणि त्या ढाब्यावर एक म्हातारी आहे, जी दिसते तेवढी साधी नाही. दिवाळीला गाडीत उभं राहून मुंबईहून गावी आलेल्या माणसाला ही ट्रेन लगेच ओळखीची वाटेल.

पहिल्या चित्रपटाचे व्हिज्युअल इफेक्ट्स करण्यासाठी लुकासने जी 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' कंपनी काढली होती, तिनेही २०२२ मध्ये मुंबईत स्टुडिओ सुरू करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ॲनिमेशन किंवा व्हीएफएक्स शिकणाऱ्या महाड-पोलादपूरच्या मुलामुलींसाठी ही दुनिया मुंबईपर्यंत येऊन पोचली आहे.

खोटा ट्रेलर आणि खोटं ॲप कसं ओळखायचं?

एआयने केलेले ट्रेलर आता इतके खरे वाटतात की डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. २०२५ मध्ये यूट्यूबने असे ट्रेलर टाकणाऱ्या दोन मोठ्या चॅनेलची जाहिरातींची कमाई बंद केली. त्यातलं एक भारतातून चालायचं. तर हे तपासा:

- चॅनेल बघा. ट्रेलर स्टार वॉर्सच्या किंवा डिस्नेच्या अधिकृत चॅनेलवर आहे का? नुसता लोगो बघू नका, तो कुणीही लावतो.
- खालचं वर्णन उघडा. 'कॉन्सेप्ट' किंवा 'फॅन मेड' असे शब्द बऱ्याचदा तिथे बारीक लिहिलेले असतात.
- तारीख दोन ठिकाणी जुळवा. अधिकृत साइट आणि एखादं मोठं वृत्तपत्र. भारतातली तारीख वेगळी असू शकते. २०१५ चा भाग अमेरिकेत १८ डिसेंबरला आला, आपल्याकडे २५ डिसेंबरला. कारण १८ ला 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' लागले होते.
- फाइल किती मोठी आहे ते बघा. दोन तासांचा एचडी चित्रपट साधारण एक जीबी किंवा त्याहून मोठा असतो. दहा-वीस एमबीची आणि नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असलेली फाइल चित्रपट नाही. ते ॲप आहे.
- परवानग्या वाचा. चित्रपट दाखवणाऱ्या ॲपला तुमचे एसएमएस कशाला वाचायचेत? तर ओटीपीसाठी. एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली की तिथेच थांबा.

फोन बहुतेक वेळा तुमचा असतो, पण यूपीआयला जोडलेलं खातं वडिलांचं असतं. त्यात गणपतीसाठी साठवलेले किंवा भात विकून आलेले पैसे असतात. फुकट पिक्चरच्या नादात ते जाऊ देऊ नका.

ॲप टाकून बसलो, आता काय?

१. लगेच मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा.
३. पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन कराल, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.
४. ॲप काढून टाका. निघत नसेल तर फोन फॅक्टरी रिसेट करा.
५. घरी सांगा. ओरडा बसेल, पण लपवण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कुठून करू?
१९७७ च्या चित्रपटापासून, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. व्हेडरचं गुपित तरच लागू पडतं.

भारतात कुठे बघायला मिळतं?
डिस्नेचे स्टार वॉर्स चित्रपट आणि सिरीज जिओहॉटस्टारवर आहेत. गावात रेंज कमी असेल तर ॲपमधल्या डाउनलोडचा पर्याय वापरा.

थिएटरमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर?
गुन्हा आहे. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो.

अंदाज बांधणं बंद करू का?
अजिबात नाही. पोलादपूरहून पनवेलच्या मल्टिप्लेक्सला जायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास आहे. तेवढ्या वेळात मित्रांनी अंदाजच बांधायचे! फक्त पुढे पाठवताना सुरुवातीला "हा अंदाज आहे" एवढं लिहा. आणि लिंकच्या शेवटी 'एपीके' दिसलं तर ती कुणालाही पाठवू नका, स्वतःही दाबू नका.