जयपूर फूट : मांडी घालता येईल असा पाय

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना १९६०च्या दशकात एक गोष्ट खटकू लागली. कृत्रिम पाय मिळालेले रुग्ण काही काळाने तो टाकून देत आणि पुन्हा कुबड्या घेत. रुग्णांना अडाणी ठरवणे सोपे होते. परंतु दोष पायातच होता.

तेव्हा प्रचलित असलेला ‘सॅच’ पाय अमेरिकेत घडलेला. घोटा न वळणारा, आत लाकडाचा ताठ कणा, वर बूट हवाच. खुर्चीवर बसणाऱ्या आणि फरशीवर चालणाऱ्या माणसाला तो पुरेसा होता. आपल्याकडील शेतकऱ्याने तो लावून उकिडवे कसे बसावे? जेवताना मांडी कशी घालावी? भिजलेल्या शेतात कसे उतरावे? देवळात किंवा स्वयंपाकघरात तर बूट चालतच नाहीत.

यावरचे उत्तर ज्यांच्या हातून घडले, ते रामचंद्र शर्मा कारागीर होते. शालेय शिक्षण बेताचे, पण साचे घडवण्यात हात बसलेला. टायरच्या दुकानात रबर तापवून पक्के करतात, ती व्हल्कनीकरणाची प्रक्रिया त्यांनी पावलासाठी योजली. चवडा व टाच हलक्या सच्छिद्र रबराची, घोट्यापाशी लाकडी ठोकळा. हे तिन्ही भाग टायरमधील दोऱ्यांच्या थराने बांधायचे, वर त्वचेच्या रंगाचे रबर चढवायचे आणि सारे साच्यात तापवायचे. ताठ कणा चवड्यापर्यंत नेलाच नाही, ही यातली खरी युक्ती. त्यामुळे पाऊल अनेक दिशांना लवते, उंचसखल जमिनीशी जुळवून घेते आणि अनवाणीही चालते. नडगीचा भाग सुरुवातीस अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून घडवीत.

पेटंट घेतले नाही, म्हणून हे पाऊल कोणालाही घडवता आले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते गरजूंना विनामूल्य बसवण्याचे काम हाती घेतले; पुढे अफगाणिस्तानातील सुरुंगग्रस्तांपर्यंत ते पोहोचले. हाताने घडवलेल्या प्रत्येक पावलाचा दर्जा सारखा नसतो, ही टीकाही रास्त आहे.

डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. रुग्णांची अडचण त्यांनी ऐकली नसती तर पुढचे काही घडले नसते. शर्मांचे नाव मात्र आजही अनेक लेखांत ‘एक कारागीर’ एवढ्यावरच आटोपते.