पेवाचें तोंड आणि घरांतील बुरशी

दौंडावरून पुढें जाणाऱ्या भीमेच्या कोरड्या खोऱ्यांत पूर्वीं ज्वारी पेवांत सांठवीत. तोंडाशीं अरुंद व पोटाशीं फुगीर असा हा खोल खड्डा. त्यास आंतून काडाचें अस्तर देत आणि वरून शेणामातीनें लिंपून टाकीत. कडेचें धान्य ओल धरी, त्यावर बुरशी येई. परंतु खरें भय निराळें होतें. धान्याच्या व बुरशीच्या श्वसनानें प्राणवायु सरे आणि आंत कर्बद्विप्राणिद वायु सांचे. म्हणून जाणता शेतकरी पेव उघडल्याबरोबर खालीं उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळें ठेवून मग तो कंदील दोरीनें आंत सोडी. ज्योत विझली कीं थांबे. घाई करणारांपैकीं कित्येक वर आलेच नाहींत.

वाईट हवेवर मोकळी हवा हाच उतारा, ही समजूत शहाण्यासुरत्यांचीही होती. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला तेव्हां रँडच्या समितीनें घरें उघडून, सामान बाहेर काढून, भिंतींस चुना फांसण्याचा सपाटा लावला. त्या जुलमाची कथा सर्वश्रुत आहे. पुढच्याच वर्षीं सिमाँ या फ्रेंच वैद्यानें उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविलें. हवा बिचारी निर्दोष होती!

बुरशीचें तसें नाहीं. तिची वाहक खरोखरच हवा. तिचे बीजाणु इतके सूक्ष्म, कीं कित्येक जातींत ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पटच भरतात. ओल्या भिंतीवर कोरडा कुंचा फिरविला कीं ते उडतात, आणि खिडकींतून येणारा वारा त्यांना माजघरापर्यंत पोंचवितो. येथें पेवाचा न्याय उलटा करावा लागतो: आधीं कोंडावयाचें, मग हवा काढावयाची.

त्यासाठीं लागणारी गाळणी दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या अणुसंशोधनांतून निघाली. किरणोत्सर्गी धूळ अडविण्यासाठीं केलेली ही कागदी घडी पुढें इतकी सुधारली, कीं ०.३ मायक्रॉनचे १०० कण आले तर सरासरी ९९.९७ अडकतात. न्यूयॉर्कच्या आरोग्यखात्यानें १९९३ सालीं एका काळ्या बुरशीसाठीं आणि २००० सालीं सर्वच बुरशांसाठीं घरें साफ करण्याचे नियम छापले. शंभर चौरस फुटांहून अधिक भिंत बिघडली असेल, तर खोली प्लॅस्टिकच्या पडद्यांनीं बंद करावी, दारापाशीं कपडे बदलण्यास एक छोटी कोठडी सोडावी आणि पंख्यानें आंतली हवा गाळणींतून बाहेर टाकावी. त्यामुळें खोलींतील दाब उतरतो. फटींतून हवा आंत शिरते, बाहेर येत नाहीं. काम करणाराच्या तोंडावर मुखवटा हवाच. आणि भिंतींतली गळती आधीं बंद झाली नसेल, तर हा सारा खटाटोप एका पावसाळ्यापुरता.

पेवाला कंदील, तसा या खोलीला पडदा. तो आंतल्या अंगास ओढला गेलेला दिसला, म्हणजे कारागीर भिंतीला हात लावतो. सैल लोंबूं लागला, कीं कुंचा खालीं ठेवतो.