खोटं असतं रे ते!

‘खोटं असतं रे ते सगळं!’ टीव्हीवर रेसलिंग लावलं की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच. पण हे गुपित तर कंपनीने स्वतःच १९८९ साली फोडलंय.

त्याआधी ते जिवापाड जपलं जाई. धंद्यातला त्यासाठीचा शब्द ‘केफेब’. रिंगमधल्या वैऱ्यांनी बाहेरही एकत्र दिसायचं नाही, असा दंडक होता. मे १९८७मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत अमली पदार्थ सापडले. चाहत्यांना धक्का मात्र वेगळाच बसला: इराणी खलनायक आयर्न शेख आणि अमेरिकी देशभक्त जिम डुगन एकाच गाडीतून निघाले होते! दोघांचीही नोकरी गेली.

दोनच वर्षांत डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं, की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. कारण व्यवहारी होतं. खेळ म्हटला की सरकारी नियम आले, करही आला.

मग चाहते पांगले का? नोव्हेंबर १९९७मध्ये मॉन्ट्रियलला ब्रेट हार्टने हार मानली नव्हती, तरी मालक विन्स मॅकमॅहनने घंटा वाजवायला लावली. हार्टला अंधारात ठेवून ठरलेला शेवट बदलला होता. निकाल आधीच ठरतात हे पुरतं ठाऊक असलेले चाहतेसुद्धा भडकले. त्यावरून आजही वाद होतात.

म्हणजे चाहत्याचा विश्वास निकालावर कधी नव्हताच. तो रिंगमधल्या माणसावर होता, त्याला दिलेल्या शब्दावर होता. आणि तो शब्द मोडला, हे अगदी खरं होतं.