श्रवणाचा तास : हजेरी लागते, कान लागतात का?

काही तास महाविद्यालयात आणि काही भ्रमणध्वनीवर, किंवा एकाच वेळी काही विद्यार्थी वर्गात व काही घरी, अशा अध्यापनाला संमिश्र अर्थात ‘हायब्रीड’ वर्ग म्हणतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीने दूरस्थ वर्ग सक्तीने आणले. पुढे मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना टिपणाद्वारे मांडली. इतर विषयांत ही विभागणी निभावून जाते. भाषेच्या श्रवणाचा तास मात्र तिथेच अडखळतो.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील यवतमाळ जिल्ह्यात हा पेच अधिक ठळक होतो. वऱ्हाडीखेरीज बंजारा, गोंडी, कोलामी, उर्दू आणि तेलंगणच्या सीमेलगत तेलुगूही येथील घरांत बोलली जाते. साहजिकच अनेकांना इंग्रजी ही तिसरी वा चौथी भाषा ठरते, आणि तीही कानांपेक्षा डोळ्यांनी शिकलेली. लिहिलेले वाक्य ओळखणारा विद्यार्थी तेच वाक्य ऐकताना गोंधळतो, कारण बोलण्यात शब्द एकमेकांत मिसळतात आणि मागे वळून पाहण्याची सोय नसते.

त्यात मातृभाषेची सवय आड येते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनात काटेकोर असला, तरी बोलण्यात त्यावरून अर्थ क्वचितच बदलतो. म्हणून इंग्रजीतील ‘शिप’ आणि ‘शीप’ कानाला सारखेच वाटतात. कोलामी ही द्राविडी भाषा असून तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ स्वरांनी अर्थभेद होतो. झरी जामणी किंवा मारेगावकडील कोलाम विद्यार्थ्याचा कान येथे कदाचित अधिक तयार असेल. वर्गात त्याला मागे पडलेला समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तंत्राचाही वाटा आहे. जुन्या दूरध्वनी वाहिनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी पोहोचत असे, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक पुसट होई. इंटरनेटवरचा आवाज एरवी बराच स्वच्छ असतो. पण जोडणी क्षीण झाली की तो तुटतो आणि नेमके शब्दाचे टोक हरवते. वर्गातील ध्वनिवर्धकाचा घुमणारा आवाज घरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला तर विचारायलाच नको!

सहभाग कशाला म्हणावे, हा खरा प्रश्न. फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस या अमेरिकी अभ्यासकांनी २००४ मध्ये वर्तन, भावना आणि विचार असे त्याचे तीन पैलू मांडले. पडद्यावरील नाव त्यातला पहिलाच पैलू दाखविते, तोही अर्धवट. कॅमेरा बंद ठेवणारा विद्यार्थी आळशीच असेल असे नाही. डेटा वाचविणारा किंवा चुकीच्या उच्चाराला हसतील म्हणून धास्तावलेलाही असू शकतो.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. दोन-तीन मिनिटांची ध्वनिफीत आधीच पाठवावी, म्हणजे ती उतरवून घेऊन हवी तितक्या वेळा ऐकता येते. ऐकलेल्याचा सारांश प्रथम घरच्या भाषेत सांगू द्यावा. समोरासमोरचा तास व्याख्यानात न घालविता, कोणता शब्द निसटला आणि का, या चर्चेसाठी राखावा. एकदाच ऐकण्याची कसोटी त्यानंतर घ्यावी.