नागपूर लोकसभा मतदारसंघ

महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी एक. निवडणूक आयोगाच्या यादीतील क्रमांक १०; खुला. १९५२ ते २०२४ या काळात येथे १८ सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक झाली. २०१४ पासून भारतीय जनता पक्षाचे नितीन गडकरी येथून निवडून येत आहेत.

क्षेत्र. २००८ च्या फेररचनेनंतर मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत : नागपूर दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर. यांपैकी उत्तर नागपूर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सहाही क्षेत्रे शहरी असून जिल्ह्याचा ग्रामीण भाग रामटेक मतदारसंघात मोडतो. शहराला वेढून असलेल्या या रामटेकचे प्रतिनिधित्व १९८४ व १९८९ मध्ये निवडून आलेल्या पी. व्ही. नरसिंह राव यांनी केले.

तीन राज्यांत तीन निवडणुका. पहिल्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत नागपूरच्या मतदाराने तीन वेगवेगळ्या राज्यांचा नागरिक म्हणून मत दिले. हे ध्यानात घेतल्याशिवाय या मतदारसंघाचा पुढचा इतिहास उलगडत नाही. १९५२ मध्ये नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, नागपूरचे राजधानीपण संपले आणि १९५७ ची निवडणूक त्या राज्यात झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरवण्याचे ठरले आणि ती प्रथा टिकून आहे. अधिवेशनापुरती येणारी सत्ता आणि कायमची गेलेली राजधानी यांतले अंतर नागपूरकर विसरलेला नाही. पुढच्या दोन दशकांच्या मतदानावर त्याची स्पष्ट छाया आहे.

अनसूयाबाई काळे (१९५२, १९५७). नागपूरच्या पहिल्या खासदार. त्यांचा जन्म १८९६ मध्ये बेळगावात झाला. माहेरचे आडनाव भाटे. १९२८ मध्ये मध्य प्रांताच्या विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. १९३७ मध्ये काँग्रेसच्या वतीने निवडून आल्यावर त्या प्रांतिक विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. देशातील मोजक्याच स्त्रियांना त्या काळी अशी जबाबदारी मिळाली होती. त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र सभागृहाबाहेरचे आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी व चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतर सरकारी दडपशाही सुरू झाली. तेव्हा गावांतील स्त्रियांवरील अत्याचारांना वाचा फोडणाऱ्यांत आणि फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचवण्यासाठी धडपडणाऱ्यांत अनसूयाबाई आघाडीवर होत्या. अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही निवडणुका त्यांनी काँग्रेसतर्फे जिंकल्या. १९५७ च्या विजयाचे मोल अधिक आहे, कारण राजधानी गेल्याचा राग ताजा असताना तो मिळाला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातून कामगार नेते अ. भा. बर्धन अपक्ष म्हणून निवडून आले होते. १९५८ मध्ये खासदारपदी असतानाच अनसूयाबाईंचे निधन झाले. त्यांच्यानंतर आजवर या मतदारसंघाने एकही महिला खासदार निवडून दिलेली नाही. प्रमुख पक्षांनी महिला उमेदवार दिल्याची उदाहरणेही विरळाच आहेत. १९९६ मध्ये काँग्रेसने कुंदा विजयकर यांना दिलेली उमेदवारी हे त्यांपैकी एक. अनसूयाबाईंचा उल्लेख बहुतेक निवडणूक-याद्यांत एका ओळीत उरकला जातो, हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे.

बापूजी अणे आणि विदर्भाचा कौल (१९५९, १९६२). अनसूयाबाईंच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर १९५९ च्या पोटनिवडणुकीत लोकनायक माधव श्रीहरी अणे निवडून आले. त्यांचा जन्म वणीचा (१८८०), वकिली यवतमाळची आणि निष्ठा टिळकांवर. १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते श्रीलंकेत भारत सरकारचे प्रतिनिधी आणि १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल होते. इतकी पदे भोगलेला हा नेता वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर काँग्रेसविरुद्ध उभा राहिला, तो स्वतंत्र विदर्भाच्या मागणीसाठी. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती. ती डावलली गेल्याची वेदना नागविदर्भ आंदोलन समितीच्या चळवळीमागे होती. १९६२ मध्येही अणे अपक्ष म्हणून विजयी झाले. ज्या महाराष्ट्र राज्याच्या रचनेला त्यांचा विरोध होता, त्याच राज्यातील खासदार म्हणून १९६७ पर्यंत ते लोकसभेत बसले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. पद्मविभूषण आणि ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत काव्यासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार (१९७३, मरणोत्तर) हे त्यांचे सन्मान.

हे दोन विजय विदर्भ राज्याच्या बाजूचा निखळ जनकौल होते की अण्यांच्या व्यक्तिमत्त्वाला मिळालेला मान, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने पहिले कारण अधिक वजनदार आहे. ज्येष्ठतेचा मान एकदा मिळतो. पण महाराष्ट्र स्थापन झाल्यानंतरही तोच कौल पुन्हा मिळाला, हे महत्त्वाचे.

१९६७. काँग्रेसचे एन. आर. देवघरे विजयी. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अ. भा. बर्धन पराभूत.

जांबुवंतराव धोटे (१९७१, १९८०). १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा घेतल्या. हातून गेलेल्या तीन जागांत नागपूर होते. फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर येथे निवडून आलेले धोटे मूळचे यवतमाळचे आमदार. ‘विदर्भवीर’ हे बिरुद त्यांना लोकांनीच दिले. विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याचे प्रकरण त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले असले, तरी त्यांची खरी ताकद मैदानावरच्या सभांत होती. फॉरवर्ड ब्लॉकचे नाव नागपूरला अनोळखी नव्हते. गिरणी कामगारांचे नेते रा. स. रुईकर यांनी त्या पक्षाची मुळे येथे आधीच रुजवली होती.

१९८० मध्ये धोटे पुन्हा निवडून आले, या वेळी इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून. ज्या लाटेविरुद्ध ते पहिल्यांदा जिंकले, त्याच नेतृत्वाच्या झेंड्याखाली ते दुसऱ्यांदा जिंकले. हा बदल त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना मानवला नाही. पुढे काँग्रेसपासून दूर होऊन २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस स्थापन केली. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी यवतमाळला त्यांचे निधन झाले. धोट्यांनंतर विदर्भ राज्य हाच एकमेव मुद्दा घेऊन येथे कोणी जिंकलेले नाही. मागणी मात्र पक्षोपक्षी मुरली. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरच्या बैठकीत तसा ठराव केला आणि काँग्रेसच्या विलास मुत्तेमवारांनीही ती उचलून धरली.

१९७७. उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण झाली, तरी नागपुरात काँग्रेसचे गेव्ह मंचरशा आवारी जिंकले. त्यांचे वडील ‘जनरल’ मंचरशा आवारी यांनी १९२७ मध्ये शस्त्रबंदी कायद्याविरुद्ध नागपुरात सशस्त्र मिरवणुकांचा सत्याग्रह केला होता.

पुरोहित व मेघे (१९८४–१९९८). ‘द हितवाद’ या इंग्रजी दैनिकाचे मालक बनवारीलाल पुरोहित १९८४ व १९८९ मध्ये काँग्रेसतर्फे विजयी झाले. अयोध्या प्रश्नावरून ते भाजपमध्ये गेले आणि १९९१ मध्ये काँग्रेसच्या दत्ता मेघे यांच्याकडून हरले. १९९६ मध्ये पुरोहित भाजपचे उमेदवार म्हणून निवडून आले, आणि भाजपला नागपूरची जागा प्रथमच मिळाली.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ मध्ये याच शहरात झाली आणि मुख्यालयही येथेच आहे. तरीही जनसंघ किंवा भाजपला ही जागा मिळण्यासाठी पहिल्या निवडणुकीनंतर ४४ वर्षे जावी लागली. ‘संघाचे नागपूर’ या ठोकळ्यातून येथील मतदान पाहणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी नोंदवून ठेवावी. १९९६ च्या निकालाची कारणे सांगताना नोव्हेंबर १९९४ मध्ये विधिमंडळ अधिवेशनाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीचा उल्लेख अनेकदा येतो. तीत ११४ गोवारी आंदोलक मृत्युमुखी पडले. या घटनेचा शहरी मतदानावर नेमका किती परिणाम झाला, हा वादाचा विषय आहे. तिने तत्कालीन काँग्रेस सरकारची प्रतिमा काळवंडली, याबद्दल वाद नाही.

विलास मुत्तेमवार (१९९८–२०१४). सलग चार विजय मिळवणारे येथील एकमेव खासदार. यापूर्वी ते चिमूरचे खासदार होते. १९९८ मध्ये काँग्रेस आणि रिपब्लिकन गट एकत्र आले. त्या समझोत्यात रिपब्लिकन नेते जोगेंद्र कवाडे चिमूरहून निवडून गेले आणि मुत्तेमवार नागपूरहून. १९९९ मध्ये त्यांनी भाजपचे विनोद गुडधे पाटील यांचा, तर २००४ मध्ये अटलबहादूर सिंग यांचा पराभव केला. २००४ नंतर केंद्रात अपारंपरिक ऊर्जा खात्याचे ते स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री होते. २००९ मध्ये भाजपमध्ये परतलेल्या पुरोहितांविरुद्ध त्यांना ३,१५,१४८ मते पडली. पुरोहितांची मते २,९०,७४९. मताधिक्य अवघे २४,३९९. बहुजन समाज पक्षाने त्या निवडणुकीत एक लाखाहून अधिक मते घेतली, तरीही काँग्रेस तरली. तो या जागेवरील काँग्रेसचा आजवरचा शेवटचा विजय.

नितीन गडकरी (२०१४ पासून). महाल भागातले. १९८९ पासून विधान परिषदेत नागपूर पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधी, १९९५ च्या युती सरकारात सार्वजनिक बांधकाम मंत्री, पुढे भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष. २०१४ ची त्यांची पहिलीच लोकसभा निवडणूक. तेव्हापासून केंद्रात रस्ते वाहतूक खाते त्यांच्याकडे आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली मेट्रो, उड्डाणपूल आणि सिमेंटचे रस्ते हे त्यांच्या प्रचाराचे मुख्य भांडवल राहिले आहे. तीन निवडणुकांचे आकडे असे :

२०१४ : गडकरी ५,८७,७६७, विलास मुत्तेमवार (काँग्रेस) ३,०२,९१९, मताधिक्य २,८४,८४८.
२०१९ : गडकरी ६,६०,२२१, नाना पटोले (काँग्रेस) ४,४४,२१२, मताधिक्य २,१६,००९.
२०२४ : गडकरी ६,५५,०२७, विकास ठाकरे (काँग्रेस) ५,१७,४२४, मताधिक्य १,३७,६०३.

मताधिक्य दर वेळी घटले, म्हणून गडकरींची पकड सैल झाली असा निष्कर्ष वृत्तपत्रांतून सर्रास काढला जातो. आकडे वेगळे सांगतात. तिन्ही वेळा त्यांच्या मतांचा वाटा ५४ ते ५६ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिला. वाढला तो काँग्रेसचा वाटा : सुमारे २८ वरून ३७ आणि तेथून ४३ टक्क्यांवर. २०१४ मध्ये बहुजन समाज पक्ष आणि आम आदमी पक्षाच्या अंजली दमानिया यांच्यात मिळून दीड लाखाहून अधिक मते विभागली होती. २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीने काँग्रेसच्या उमेदवाराला पाठिंबा दिला, बसपची मते वीस हजारांच्या आत आली आणि लढत सरळ दुहेरी झाली. निम्म्याहून अधिक मते एकाच उमेदवाराकडे असल्याने विरोधकांची एकजूट निकाल फिरवू शकली नाही.

मतदारांची घडण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्म स्वीकारला, आणि पुढच्या वर्षी रिपब्लिकन पक्षाची स्थापनाही नागपुरातच झाली. उत्तर नागपुरातील बौद्ध मतदार या मतदारसंघात अनेकदा निर्णायक ठरले. तरी रिपब्लिकन पक्षाचा वा बसपचा उमेदवार येथून कधीही लोकसभेत गेला नाही. मध्य नागपुरातील हलबा-कोष्टी विणकरांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळण्याचा प्रश्न, विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या २००० मधील प्रतिकूल निर्णयानंतर, प्रत्येक निवडणुकीत पुढे येतो. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. तिच्यासोबत बर्धन-रुईकरांच्या राजकारणाचा पायाच गेला. कुणबी, तेली, मुस्लिम व हिंदीभाषक मतदारही मोठ्या संख्येने आहेत.

विधानसभा. २०२४ मध्ये सहापैकी चार जागा भाजपला (दक्षिण-पश्चिममधून देवेंद्र फडणवीस), दोन काँग्रेसला (पश्चिम व उत्तर).

सत्ता व विरोध. १९६२, १९७१, १९७७, १९८९, १९९६, १९९८ आणि १९९९ या सात सार्वत्रिक निवडणुकांत निवडून आलेला नागपूरचा खासदार विरोधी बाकांवर बसला. यांपैकी १९९६ मध्ये तेरा दिवसांचे भाजप सरकार हा अपवाद. २००४ पासून मात्र तो सलग सत्ताधारी बाजूस आहे.

मतदानाचे प्रमाण. २००९ मध्ये सुमारे ४३ टक्के, २०१४ मध्ये ५७, २०१९ मध्ये ५५, २०२४ मध्ये ५४. १९ एप्रिल २०२४ रोजी विदर्भातील पाच मतदारसंघांत पहिल्या टप्प्याचे मतदान झाले. गडचिरोली-चिमूरमध्ये जंगलवाटा तुडवत केंद्रावर पोहोचणाऱ्या मतदारांनी प्रमाण ७२ टक्क्यांच्या जवळ नेले. हाकेच्या अंतरावर केंद्र असलेले नागपूर पाचांत सर्वांत मागे राहिले : २२ लाखांहून अधिक नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे १० लाख मतदानाला आलेच नाहीत.