दारावरचा मध्यस्थ

शाळेच्या कार्यालयात बोनाफाइड दाखला मागायला आलेल्या पालकाला आपण दप्तराच्या खोलीत सोडत नाही. तो खिडकीपाशी थांबतो. कारकून त्याचा अर्ज वाचतो, स्वतः आत जाऊन जनरल रजिस्टर पाहतो आणि दाखला आणून देतो. कपाट कोणते, किल्ली कोठे, हे पालकाला कळतही नाही. संस्थांच्या आतल्या संगणकांपर्यंत बाहेरच्या लोकांच्या मागण्या पोहोचतात, त्या बहुधा अशाच एका खिडकीतून. या खिडकीचा इतिहास आपण पाहू.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस याने स्वतःच्याच प्रती काढत पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. तेव्हा इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांपैकी सुमारे ६,००० संगणकांत तो शिरला असावा, असा अंदाज केला गेला. प्रतींच्या ओझ्याखाली संगणक ठप्प झाले. त्या काळी जाळ्यावरचे बहुतेक संगणक एकमेकांशी थेट बोलत. संशोधकांच्या या छोट्या गावात दाराला कडी लावावी असे फारसे कोणाला वाटलेच नव्हते.

न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बिल चेस्विक यांनी १९९० साली एटी अँड टी कंपनीच्या प्रवेशद्वाराची रचना एका निबंधात मांडली. तिच्यात दोन संगणक होते. एक बाहेर, इंटरनेटला जोडलेला. दुसरा आत, कंपनीच्या जाळ्यात. दोघांमध्ये एक खासगी तार. बाहेरून आलेला संदेश या तारेवरून सरळ आत वाहत जात नसे. बाहेरचा संगणक मागणी ऐकून घेई आणि आतला संगणक मोजक्याच, पारखलेल्या सेवा त्याला देई. विशेष म्हणजे बाहेरचा संगणक एक दिवस शत्रूच्या हाती पडेल, हे गृहीत धरूनच ही रचना केली होती. विद्युत मंडलात आपण वितळतार घालतो ती जळणारच नाही म्हणून नव्हे. जळायचे तर तिने जळावे, म्हणून.

पुढे वेब आले. १९९४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आरी लुओतोनेन यांनी वेबसाठी असा मध्यस्थ तयार केला. त्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. भिंतीआड बसलेल्या माणसाला बाहेरची पाने आणून देणे हे त्याचे मुख्य काम. मग हीच युक्ती उलट्या दिशेनेही वापरात आली: बाहेरच्या माणसाला आतले पान आणून देणारा 'रिव्हर्स प्रॉक्सी'. १९९६ मध्ये अपाची या मोफत वेब सर्व्हरमध्ये ही सोय आली. २००४ मध्ये इगोर सिसोएव यांचा एन्जिनएक्स आला आणि पुढे या कामासाठी जगभर वापरला जाऊ लागला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. रिव्हर्स प्रॉक्सीपाशी एक नव्हे, दोन संभाषणे चालतात. बाहेरच्या माणसाचे कूटबद्ध संभाषण दारापाशीच संपते. मध्यस्थ मागणी उलगडून वाचतो, ती योग्य आहे का ते ठरवतो आणि आतल्या नेमक्या सर्व्हरशी स्वतःचे दुसरे संभाषण सुरू करतो. म्हणूनच आतल्या सर्व्हरचा पत्ता बाहेर कोणाला कळावा लागत नाही.

पण मग दारापासून आतल्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास? तो अनेक ठिकाणी उघड्या अक्षरांतच होत असे. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे एक हस्तलिखित रेखाचित्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. गूगलच्या दारावरचा सर्व्हर कूट उलगडतो आणि त्यापुढे मजकूर मोकळाच जातो, हे त्यात बाण काढून दाखवले होते. गूगलने आपल्या केंद्रांमधील तारांवरही कूटलेखन सुरू केले.

वास्तविक अशा रचनेत कवच कडक पण आतला गर मऊ राहतो, हे चेस्विक यांनीच १९९० साली बजावले होते. भिंत भक्कम झाली की आतले लोक निर्धास्त होतात. गूगलवर झालेला एक मोठा हल्ला जानेवारी २०१० मध्ये उघड झाला. त्यानंतर त्या कंपनीने 'आतला तो आपला' हा नियमच सोडला. २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या तिच्या नव्या रचनेत, कर्मचारी कार्यालयात असो की घरी, त्याची मागणी मध्यस्थामार्फतच जाते. माणूस कोण, यंत्र कोणते आणि या कामाचा अधिकार त्याला आहे का, हे प्रत्येक मागणीला तपासले जाते.

हा सारा भाग वर्गात सहज करून दाखवता येईल. एका विद्यार्थ्याला पाहुणा करा, एकाला मध्यस्थ, आणि तिघांकडे वेगवेगळ्या वह्या द्या. मध्यस्थाने पाहुण्याची चिठ्ठी वाचून योग्य वहीतले उत्तर आणावे. दोन-तीन फेऱ्या झाल्या की विचारा: मध्यस्थच फितूर झाला तर? मुले लगेच उपाय सुचवू लागतील. तज्ज्ञांना चोवीस वर्षे ज्या प्रश्नाने झुलवले, त्याच्याशी ती तेथेच भिडलेली असतील.